रेडकू जगलं तर

२०१९च्या पशुगणनेत देशात म्हैसवर्गीय जनावरं जवळपास ११ कोटी भरली. त्यांत नर एक कोटीसुद्धा नव्हते. जन्माला येताना रेडे आणि रेड्या साधारण निम्म्या निम्म्या येतात. मोठे झालेले बरेच टोणगे मांसासाठी विकले जातात हे खरं, पण पुष्कळ नर रेडकं तिथवर पोचतच नाहीत. ती पहिल्या दोन-तीन महिन्यांत गोठ्यातच मरतात, आणि बहुतेक वेळा ज्या कारणांनी मरतात ती टाळता येण्यासारखी असतात.

महाराष्ट्रात २०१५पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हैसवर्गाला कायद्याच्या अटी पाळून परवानगी आहे. परदेशी जाणारं भारतीय म्हशीचं मांस हाडं काढून, गोठवून जातं आणि वर्षाकाठी तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीचं असतं. त्यातला मोठा वाटा भाकड, वयस्कर म्हशींचा. कोवळ्या टोणग्याचं मांस त्याहून सरस असतं, तरी तो टोणगा आपण वाढवत नाही.

कारण दुधाच्या हिशेबात आहे. म्हशीचं दूध लिटरला साठ रुपये धरा. तीस किलोच्या रेडकाला वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं, म्हणजे रोज तीन लिटर लागतं. पहिला महिना तीन लिटर आणि दुसऱ्या महिन्यात उतरत्या मापाने सरासरी दीड लिटर पाजलं, तरी १३५ लिटर होतात, रुपये ८,१००. रेडी असेल तर हा खर्च उद्याच्या म्हशीवर असतो. नर असेल तर त्याला सडाला लावायचं ते पान्ह्यापुरतं. म्हशीच्या कासेतलं जेमतेम ५ टक्के दूध खालच्या पोकळीत साठलेलं असतं. गाईत ते २० टक्क्यांच्या आसपास असतं. बाकीचं वर ग्रंथींतच राहतं. पिल्लू चोखू लागलं की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येतं, ग्रंथींभोवतीच्या पेशी आवळतात आणि दूध खाली उतरतं. तेवढं झालं की रेडकाला बाजूला ओढतात. असं रेडकू उपाशीच राहतं, आणि उपाशी जनावराला पहिलाच आजार भारी पडतो.

पहिला दिवस सगळ्यात मोलाचा. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून प्रतिपिंडं मिळतात. म्हशीच्या आणि गाईच्या वारेची रचना अशी आहे की ती पलीकडे जातच नाहीत. रेडकू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आजाराशी लढणारी प्रतिपिंडं जवळजवळ नसतात; ती सगळी चिकातून, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दाट दुधातून यायची असतात. त्यासाठी नवजात आतडं काही तास प्रथिनांचे अख्खे रेणू न पचवता रक्तात सोडतं. ही सोय तासातासाला कमी होत जाते आणि चोवीस तासांत बंद पडते. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी ती प्रतिपिंडं रक्तात जात नाहीत.

आपल्याकडे मात्र अजून कित्येक गोठ्यांत वार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. म्हशीची वार पडायला आठ-दहा तासही लागतात, आणि नेमके तेच तास वाया जातात. खरं तर चोखण्याने सुटणारं ऑक्सिटोसिन गर्भाशयही आवळतं, म्हणजे लवकर पाजल्याने वार पडायला मदतच होते. पहिल्या दोन तासांत दीड लिटर, पहिल्या दिवसात एकूण तीन लिटर हे माप ध्यानात ठेवावं. खरवस जरूर करावा, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा. पहिल्या धारा रेडकाच्या. द्राक्षबागेत गोडी मोजायला वापरतात त्या रिफ्रॅक्टोमीटरवर चिकाचा थेंब टाकूनही त्याचा कस कळतो. गाईच्या चिकाला २२ ब्रिक्स (या यंत्रावरचं माप) किंवा वर आलं तर तो चांगला मानतात.

दुसरा घाला जंतांचा. टॉक्सोकॅरा व्हिट्युलोरम हा गोल जंत म्हशीच्या रेडकांत फार आढळतो. त्याच्या अळ्या म्हशीच्या शरीरात निपचित पडून असतात आणि ती व्याली की दुधातून रेडकाच्या पोटात उतरतात. गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी ही वाट बंद होत नाही. तीन आठवड्यांत लहान आतड्यात जंत पूर्ण वाढतात, एकेक वीतभराहून लांब, मळकट पांढरा. रेडकाला चिकणमातीच्या रंगाची, घाण वासाची हगवण लागते. त्याच्या तोंडालाही उग्र आंबूस वास येतो आणि जाणता माणूस त्यावरूनच ओळखतो. जंत फार झाले तर आतडं तुंबून रेडकू दगावतं. उपाय स्वस्त आहे: वयाच्या दहाव्या ते सोळाव्या दिवसादरम्यान, पशुवैद्यकाने वजन पाहून ठरवलेला जंतनाशकाचा डोस. जंत अंडी घालू लागण्याआधीच मरतात, त्यामुळे गोठ्याची जमीनही वाचते. ही अंडी जाड कवचाची असतात आणि मातीत महिनोन् महिने टिकतात.

चीक आणि जंत सांभाळले की प्रश्न उरतो दुधाच्या खर्चाचा, आणि तो सुटतो पोटाच्या रचनेतून. जन्मतः रेडकाच्या पोटाचा चौथा कप्पा सर्वांत मोठा असतो. मोठ्या म्हशीत ज्याचा पसारा सगळ्यात जास्त, ते कोटीपोट तेव्हा लहान आणि निकामी असतं. रेडकू दूध चोखतं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी स्नायूंच्या दोन कडा मिटून पन्हळ तयार होते आणि दूध कोटीपोट चुकवून थेट चौथ्या कप्प्यात पडतं. साधं पाणी आणि चारा मात्र कोटीपोटात जातो, तिथे जिवाणू वाढतात आणि आंबवण सुरू होते.

कोटीपोट चाऱ्याने वाढतं असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉर्नर, फ्लॅट आणि लूस्ली यांनी १९५६ साली वासरांवरच्या प्रयोगांतून वेगळं चित्र मांडलं. नुसत्या चाऱ्याने पोटाचं आकारमान वाढतं. अन्न शोषणारे आतले अंकुर वाढतात ते धान्य आंबून तयार होणाऱ्या ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्लांमुळे. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच रेडकापुढे मूठभर काफ स्टार्टर (लहान वासरांचा तयार खुराक) किंवा मक्याचा भरडा आणि पेंडीचं मिश्रण ठेवावं, सोबत कोवळा सुका चारा आणि स्वच्छ पाणी. पाण्याचा विसर फार गोठ्यांत पडतो. ‘दूध पितंय की’ म्हणून पाणी ठेवतच नाहीत. दूध तर कोटीपोटात जातच नाही, मग तिथल्या जिवाणूंना ओलावा कुठून मिळणार? सलग तीन-चार दिवस पाऊण-एक किलो खुराक खाल्ला की दूध तोडायला हरकत नाही. चीक संपल्यावर म्हशीच्या दुधाऐवजी गाईचं दूध पाजूनही खर्च बराच खाली येतो.

यापुढे टोणगा स्वस्तात वाढतो. माणसाच्या उपयोगाचं नाही ते त्याला चालतं: कडबाकुट्टी, उसाचं वाढं, सोयाबीनचा भुसा. सोबत थोडी पेंड आणि खनिज मिश्रण दिलं तर दिवसाला अर्धा किलो वजन सहज चढतं. युरिया प्रक्रिया केलेला चारा सहा महिन्यांच्या आतल्या रेडकाला मुळीच देऊ नये, त्याचं कोटीपोट ते पेलत नाही. दीड-दोन वर्षांत टोणगा तीनशे किलोच्या घरात जातो. वय वाढेल तसे स्नायूंतल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांमधले बंध पक्के होत जातात आणि शिजवूनही सुटत नाहीत. म्हाताऱ्या म्हशीचं मांस चिवट लागतं ते यामुळे. तरुण टोणग्यात हे बंध कमी असतात. त्याची चरबी पांढरी असते, कारण म्हैसवर्ग चाऱ्यातल्या कॅरोटीन या पिवळ्या रंगद्रव्याचं जवळजवळ पूर्णपणे ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकतो. म्हशीचं दूध पांढरंशुभ्र दिसतं त्याचंही कारण हेच.

लिंगनिश्चित रेतनाने, म्हणजे मादी जन्मवणारे शुक्राणू निवडून केलेल्या कृत्रिम रेतनाने, नर जन्मालाच कमी घालता येतात. म्हैसवर्गात मादी जन्मवणाऱ्या एक्स शुक्राणूत नर जन्मवणाऱ्या वाय शुक्राणूपेक्षा सुमारे ३.६ टक्के जास्त डीएनए असतो आणि तेवढ्या फरकावर यंत्र त्यांना वेगळं करतं. पण दर दहात एखादा नर तरी होतोच, आणि साध्या रेतनाने किंवा गावच्या रेड्याकडून भरवलेल्या म्हशी अजून कितीतरी आहेत.

विक्रीच्या वेळी शेतकरी फसतो तो वजनात, कारण बाजारात टोणग्याचा सौदा नजरेने होतो. शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजा, खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. अंदाजे किलो मिळतात. घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच असेल तर उत्तर येतं २७३. दलाल ‘सव्वादोनशे असेल’ म्हणाला, तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवून मग भावाचं बोलावं.