कूलरमधल्या अळ्या आणि सीताफळाच्या बिया

पावसाळा उतरला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बहुतेक घरांत खिडकीचा कूलर बंद असतो, पण तळाचं पाणी तसंच असतं. त्यात टॉर्च मारून बघा. ज्या अळ्या शेपटीकडची नळी पाण्याच्या वर काढून डोकं खाली लोंबकळत असतील, त्या क्युलेक्स किंवा एडिस डासांच्या. ज्या पृष्ठभागालगत आडव्या पडलेल्या दिसतील त्या अॅनॉफिलीसच्या, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या. त्यांना ती लांब नळी नसते, म्हणून श्वासासाठी आडवं राहावं लागतं. खाताना मात्र डोकं चक्क 180 अंशांत फिरवून त्या पाण्यावरचा तवंग ओढून घेतात. शहरी मलेरियातला मुख्य डास अॅनॉफिलीस स्टीफेन्सी. त्याला गटाराचं घाण पाणी लागत नाही. टाकी, हौद, कूलर यांतलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी त्याला पुरतं.

अळी पाण्यात कोंडलेली असते, उडून जात नाही, म्हणून तिला तिथेच गाठणं सोपं. त्यासाठी टेमेफॉससारखी रसायनं वापरात आहेत, पण एकच औषध वर्षानुवर्षं वापरलं की डासांची पुढची पिढी त्याला दाद देईनाशी होते. वनस्पतींच्या अर्कांकडे लक्ष गेलं ते यामुळे. अर्कात एक नव्हे, अनेक संयुगं असतात आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी मारा करतात. सगळ्यांना एकदम पचवणं अळीला अवघड.

सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावायची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्या बियांतली अॅसिटोजेनिन नावाची संयुगं पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतात. अळी काही तासांत थंड. कडुलिंबाचं काम याच्या उलट, सावकाश चालतं. निंबोळीतलं अॅझाडिरॅक्टिन अळीच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांत गडबड करतं. अळी हिंडते, खाते, पण कात टाकायची वेळ आली की अर्धवट सोललेल्या कातडीत अडकून मरते, नाहीतर कोषातून डास बाहेरच येत नाही. आता गंमत अशी, की प्रयोगशाळेत सहसा 24 तासांनी मेलेल्या अळ्या मोजतात. त्या मोजणीत निंबोळी नापास व्हायची शक्यता मोठी. तिची खरी परीक्षा किती डास उडाले यावर घ्यायला हवी.

बीकरमध्ये अळ्या मारणं हे माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सोपं काम. पुढचं गणित बघा. समजा एखादा कच्चा अर्क लिटरला 100 मिलिग्रॅम लागतो. 50 लिटरच्या कूलरला 5 ग्रॅम पुरे, पण 1000 लिटरच्या टाकीला 100 ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात टेमेफॉसची कमाल मात्रा लिटरला 1 मिलिग्रॅम, म्हणजे त्याच टाकीला एकच ग्रॅम! शिवाय अॅझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही. शेतकरी निंबोळी अर्क संध्याकाळी फवारतात तो उगाच नाही. झाडागणिक, हंगामागणिक निंबोळीतलं त्याचं प्रमाणही बदलतं. त्यामुळे ‘मूठभर निंबोळ्या टाका’ हा सल्ला औषधाची मात्रा होऊ शकत नाही.

‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हेही डोक्यातून काढलेलं बरं. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आणि ती माशांनाही विषारी आहे. ज्या हौदात अळ्या खायला गप्पी मासे सोडलेत, तिथे हा अर्क ओतणं म्हणजे फुकट राबणाऱ्या गड्यालाच मारणं. पिण्याच्या टाकीत तर घरी केलेला कुठलाच अर्क नको. तिला घट्ट झाकण हवं.

ग्वाल्हेरलाच डीआरडीई ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे. डास अंगावर बसू न देणारं ‘डेपा’ हे रसायन तिचंच. पण ते उडणाऱ्या डासांसाठी, अळ्यांसाठी नव्हे.

टाकीत कडुलिंबाचा पाला टाकायची सवय असेल तर तीही सोडा. पाला कुजला की पाण्यात जिवाणू वाढतात, आणि अळ्या तेच खातात. कूलर आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत साधारण तेवढाच वेळ लागतो. आणि ते पाणी मोरीत नको, कोरड्या मातीवर ओता. मोरीतून पुढच्या डबक्यात गेलेली अळी जिवंतच असते.