वर्गणीवर उभी राहिलेली समिती: सीमाभागातल्या निवडणुकांची पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठीबहुल सीमाभाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला; महाजन यांच्या एकसदस्यीय आयोगाने १९६७ मध्ये काही गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, पण बेळगाव कर्नाटकातच ठेवलं, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणाला सांगायला नको. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तिथपासूनचा धागाही सगळ्यांना ठाऊक आहे.

हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती उभी राहिली ती लोकवर्गणीवर. गावच्या देवळात बैठक बसायची, पंच मंडळी घरटी पट्टी ठरवायची, पावती फाडली जायची. शहरात व्यापारी द्यायचे, गणेशोत्सव मंडळं द्यायची. ज्याने पट्टी दिली तो उमेदवारालाही जाब विचारायचा. गावची सगळी मतं एकाच पेटीत पडायची त्यामागे हा हिशेब होता, असं माझं मत आहे.

खरा वादाचा निर्णय मात्र निवडणूक लढवण्याचा. ज्या राज्यात राहायचंच नाही त्याच्या विधानसभेत जायचं कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. समितीचं उत्तर होतं की सरकार सार्वमत घेत नसेल, तर निवडणूक हेच आमचं सार्वमत. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर मागणी उभी होती. त्यातली लोकेच्छा कागदावर दाखवायला मतमोजणीसारखा दुसरा पुरावा नव्हता. १९५७ पासून अनेक वर्षं हा पुरावा भक्कम राहिला. खानापूर तर कित्येक दशकं समितीकडे होतं. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, बेळगावजवळ हिंडलग्याला हुतात्मा स्मारक झालं, आणि ती धग पुढची अनेक वर्षं मतपेटीत उतरत राहिली.

पण विजय म्हणजे कौल असं एकदा मांडलं, की पराभवही कौल ठरतो. २००८ ला समितीचा एकही आमदार आला नाही आणि ‘सीमाप्रश्न संपला’ असं सांगणाऱ्यांना आयतं हत्यार मिळालं. वास्तविक त्या वेळी मतदारसंघांची फेररचना झालेली होती, राष्ट्रीय पक्ष मराठी उमेदवार देऊ लागले होते, आणि प्रचाराचा खर्च पट्टीच्या आवाक्याबाहेर गेला होता. समितीचे उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहायचे, त्यामुळे निवडून आल्यावर त्यांना बांधून ठेवणारा पक्षादेशही नव्हता. खर्च स्वतःच करणारा उमेदवार घटक समितीचं, म्हणजे स्थानिक शाखेचं, किती ऐकणार?

२०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापूर परत मिळालं. २०१८ ला ते दोन्ही गेलं. खानापुरात मध्यवर्ती समितीने मानलेला एक आणि दुसऱ्या गटाचा एक, असे दोघे उभे राहिले. दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा जास्त भरली. त्या निकालाला ‘मराठी माणसाने पाठ फिरवली’ म्हणणं साफ चूक आहे. भगवं उपरणं घातलेले कार्यकर्ते एकाच गल्लीत दोन वेगळ्या चिन्हांसाठी दार ठोठावत होते, आणि मतदाराला त्यात निवड करायला लावली ती पुढाऱ्यांनी.

२०२१ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. बेळगाव लोकसभेच्या पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराने लाखावर मतं घेतली. काही महिन्यांतच बेळगाव महापालिकेची निवडणूक पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा एका राष्ट्रीय पक्षाने जिंकल्या. याच महापालिकेने एकेकाळी महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला होता आणि २००५ मध्ये त्यापायी ती बरखास्त झाली होती.

२०२३ ला समितीचे गट एकत्र आले. आमदार एकही आला नाही, तरी बेळगाव दक्षिणमध्ये समिती दुसऱ्या क्रमांकावर राहिली. महाराष्ट्राने सीमाभागासाठी २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि दर १ नोव्हेंबरला, १९५६ च्या त्या निर्णयाच्या निषेधात निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीसाठी बेळगावच्या संभाजी उद्यानात गर्दी जमते.