सरबतावर तेलाचा तवंग आला म्हणजे भेसळच?

दर उन्हाळ्यात बेळगाव-खानापूर भागात एक मेसेज फिरतो: 'घरच्या लिंबू-संत्र्याच्या सरबतावर तेल तरंगलं, तर साखरेत भेसळ आहे, बाटली ओतून द्या.' कृपा करून ओतू नका.

सालीचा सुवास तिच्यातल्या तेलात असतो. ते पाण्यात विरघळत नाही, पाकात तर नाहीच, आणि पाकापेक्षा हलकं असल्यानं वर येतं. बाटली हलवली की त्याचे थेंब होतात, पण काही वेळात ते पुन्हा एकत्र येतात. पाक जास्त उकळूनही तेल मिसळत नाही. उलट वाफेबरोबर सुवासच उडतो, ही हानी मला जास्त खटकते.

थेंबांना आवरण मिळालं तरच ते वेगळे राहतात. हे काम धावड्याचा डिंक उत्तम करतो. भिजवून गाळलेल्या दाट डिंकाच्या पाण्यात तेल थेंब-थेंब घालत घोटायचं, मग गार पाक मिसळायचा. बरेच दिवसांनी वर तेलाची थोडी कड दिसेलही. ते चालतं.

खात्री करायची तर एकाच पाकाच्या दोन काचेच्या बाटल्या करा, एक डिंकाची, एक बिनडिंकाची. रात्रभर ठेवून सकाळी पाहा. साखर दोन्हींत तीच, तवंग मात्र बिनडिंकाच्या बाटलीतच ठळक दिसेल.

बुरशी, आंबूस वास किंवा फसफस असेल तर मात्र सरबत टाकूनच द्या.