ऊर्जा टिकते, हे आधी कुणाला आणि का वाटलं?

ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, हे आपण शाळेत घोकतो, पण हा नियम आधी प्रयोगातून आला आणि मग त्यावर विचार झाला असं नाहीये. जगात काहीतरी कायम राहतंच हा विश्वास आधीचा, नेमकं काय कायम राहतं ते शोधायला २०० वर्षं गेली.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ मध्ये लिहिलं की देवाने जगात जेवढी गती घातली तेवढीच तो राखतो, आणि ती मोजायची म्हणजे आकारमान गुणिले वेग. १६८६ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्निझने हे खोडून काढलं. त्याचा मुद्दा आजच्या मापात सांगायचा तर, एक किलोचं वजन चार मीटर उचला किंवा चार किलोचं एक मीटर, मेहनत सारखीच. आता दोन्ही खाली सोडा. चार मीटरवरून पडणाऱ्याचा वेग दुप्पटच होतो, चौपट नाही, हे गॅलिलिओपासून माहीत होतं, म्हणजे देकार्तच्या हिशोबाने एकीकडे २ आणि दुसरीकडे ४, पण वेगाचा वर्ग घेतला की दोन्हीकडे ४! वजन गुणिले वेगाचा वर्ग, याला तो पुढे 'जिवंत बल' म्हणायला लागला. कारणात जेवढं आहे तेवढंच परिणामात उतरलं पाहिजे, हा त्याचा खरा आधार.

नंतर हॉलंडमध्ये ग्राव्हसांड या शास्त्रज्ञाने मऊ मातीत पितळी गोळे टाकून बघितले, वेग दुप्पट केला की खड्डा चौपट, म्हणजे इथेही वेगाचा वर्गच. फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातलेने १७४० च्या पुस्तकात लायब्निझची बाजू घेतली आणि पॅरिसच्या अकादमीच्या सेक्रेटरीशी, मेराँशी, जाहीर वाद घातला. माझ्या मते या इतिहासात तिला मिळायला हवी तेवढी जागा अजूनही मिळत नाही.

तोच 'कारण तेवढा परिणाम' विचार १८४२ मध्ये जर्मन डॉक्टर मायरच्या लेखात परत येतो. डच जहाजावर डॉक्टर म्हणून जावाला गेलेला असताना त्याला खलाशांच्या शिरेतलं रक्त नेहमीपेक्षा लालभडक दिसलं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन कमी वापरला गेला होता, आणि त्याने ताडलं की गरम हवेत शरीराला उष्णतेसाठी कमी जाळावं लागतं, मग तिथून उष्णता आणि काम एकमेकांत बदलतात इथपर्यंत तो पोचला. ज्यूल, हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनी ते पक्कं केलं.

पण ऊर्जा मुळात कशामुळे टिकते? याचं गणिती उत्तर जर्मन गणितज्ञ एमी नोटरने १९१८ मध्ये दिलं: निसर्गाचे नियम आज जे आहेत तेच उद्याही राहतात, म्हणून.