पोतोसी

पोतोसी : बोलिव्हियाच्या दक्षिण भागातील वसाहतकालीन शहर. अँडीज पर्वतात सुमारे ४,००० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या लेहपेक्षाही जवळपास ५०० मीटर वर ते वसले आहे. जुन्या शहराच्या कुठल्याही चढावरच्या गल्लीतून मान वर केली की तांबूस, शंकूसारखा सेरो रिको (‘श्रीमंत डोंगर’) दिसतो. हे शहर त्या डोंगरामुळेच जन्माला आले.

१५४५ मध्ये डोंगरात चांदी सापडली आणि पायथ्याशी भराभर वस्ती वाढली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला येथे दीड लाखाच्या आसपास लोक राहत होते. अफाट मोलाच्या वस्तूला स्पॅनिशमध्ये अजूनही ‘पोतोसीच्या मोलाची’ म्हणतात. पण त्या संपत्तीखाली ‘मिता’ होती. इंका काळातील सामूहिक श्रमाची ही पद्धत पेरूचा स्पॅनिश व्हाइसरॉय (राजप्रतिनिधी) फ्रान्सिस्को दे तोलेदोने १५७३ च्या सुमारास खाणींसाठी सक्तीची केली. ठरवून दिलेल्या प्रांतांतील सातातला एक पुरुष दरवर्षी येथे पाठवला जाई. मजुरी तुटपुंजी, वरून पेरूतील वांकावेलिकाहून आणलेल्या पाऱ्याचे विष. पाऱ्यात कालवूनच चांदी मातीपासून वेगळी करत. १८१२ मध्ये ही वेठ कायद्याने संपली, तोपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात गेल्या होत्या. शहरातील चर्च पाहताना हा हिशेब मनातून काढता येत नाही, काढूही नये.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो जुन्या टांकसाळीला (कासा नासिओनाल दे ला मोनेदा). आजची भव्य दगडी इमारत १७७३ मध्ये पूर्ण झाली. आत माणसाच्या उंचीची लाकडी दातेरी चाके जशीच्या तशी आहेत. खालच्या मजल्यावर खेचरे गोल फिरत आणि वरच्या मजल्यावर चांदीच्या कांबी दाबून पातळ पट्ट्या निघत. इथल्या नाण्यांवर P, T, S, I या रोमन अक्षरांची एकमेकांत गुंफलेली खूण असे. स्पॅनिश अमेरिकेची चांदी लिस्बन आणि मनिलामार्गे आशियात पोहोचे. गोवा व सुरतेला उतरलेली बरीच चांदी वितळून तिचे रुपये पाडले जात आणि तीत पोतोसीचाही वाटा होता.

याच संग्रहालयात अठराव्या शतकातील, अनामिक चित्रकाराचे ‘डोंगराची माता’ हे चित्र आहे. त्यात मेरीचा झगा म्हणजेच सेरो रिको! झग्यावर पाऊलवाटा, झुडपे, लामा आणि चिमुकली माणसे रंगवली आहेत, आणि डोंगरातूनच तिचा चेहरा व दोन्ही हात बाहेर आले आहेत. अँडीजमधील धरणीमाता पाचामामा आणि ख्रिस्ती माता एकाच आकृतीत इतक्या सहजपणे मिसळलेल्या अन्यत्र क्वचितच दिसतील. तीच मिसळण सान लोरेन्सो चर्चच्या दगडी प्रवेशद्वारावर आहे. तेथे सूर्य, चंद्र आणि चारांगो (छोटे तंतुवाद्य) वाजवणाऱ्या मत्स्यकन्या कोरल्या आहेत.

१९८७ मध्ये पोतोसी जागतिक वारसा यादीत आले. खाणकाम अजून थांबलेले नाही. आता चांदीबरोबर जस्त, शिसे, कथील काढतात. पोखरलेल्या शिखराचा भाग खचू लागल्याने २०१४ मध्ये हे स्थळ धोक्यातील वारशांच्या यादीत गेले. पर्यटकांना खाणीत नेले जाते. अरुंद बोगद्यांत धूळ व विषारी वायू असतात, दरड कोसळण्याचाही धोका असतो; दमेकऱ्यांनी तर आत जाऊच नये. जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की समोरचा कामगार पोटासाठी तिथे आहे आणि फुप्फुसांत साचणारी सिलिकाची धूळ त्याचे आयुष्य तोडते. न विचारता त्याचे छायाचित्र काढू नये. बोगद्यात ‘तिओ’ची, म्हणजे खाणीचा धनी मानल्या जाणाऱ्या दैवताची, शिंगे असलेली मूर्ती असते. बाहेर मेरीपुढे हात जोडणारे कामगार आत तिओला कोकाची पाने, मद्य व सिगारेट वाहतात.

थेट येथे येण्यापेक्षा सुमारे २,८०० मीटरवरील सुक्रे शहरात दोन-तीन रात्री काढून मग रस्त्याने यावे. पहिल्या दिवशी चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. कोकाच्या पानांचा चहा सर्वत्र मिळतो. रात्री कडाक्याची थंडी पडते. सकाळी मात्र ‘कालापुर्का’ खावे : मक्याच्या पिठाचे, पिठल्यासारखे दाट, तिखट सूप. मातीच्या वाडग्यात ते समोर येते आणि त्यात तापवलेला ज्वालामुखी दगड टाकलेला असतो. दगडाभोवती सूप बराच वेळ खदखदत राहते.