जोडप्रत: एक कादंबरी, दोन पत्ते

(सांगलीतल्या आमच्या दुकानाची सोय कशी चालते, त्याची माहिती)

दुकानात येणारे बरेच जण एकाच पुस्तकाच्या दोन प्रती मागतात, एक स्वतःला आणि एक "मैत्रिणीला पाठवायचीय हो, ती बंगळूरला असते" म्हणून, आणि मग काउंटरपाशी उभं राहूनच पार्सल कोण करणार, किती दिवसांत पोचेल, तोवर मी सुरू करू का थांबू असे सगळे प्रश्न निघतात. ते ऐकून ऐकूनच ही जोडप्रत सुरू झाली. तुम्ही एक कादंबरी सांगायची आणि दोन पत्ते द्यायचे, आम्ही एकाच आवृत्तीच्या दोन प्रती एकाच दिवशी दोन्हीकडे रवाना करतो, सोबत दोघांसाठी थांब्यांची पट्टी असते. ती पट्टी काय ते पुढे सांगते.

हे कुठून आलं

माझी कॉलेजची मैत्रीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. सुरुवातीला फोन तासतासभर चालायचे, मग हळूहळू "जेवलीस का, पोरं काय म्हणतायत, आईचा गुडघा कसाय" यावरच पाच मिनिटांत संपायला लागले. जीव कमी झाला नव्हता, पण तिचं रोजचं मला दिसत नव्हतं आणि माझं तिला, त्यामुळे सांगायचं म्हटलं तर आधी अर्धा तास नुसती पार्श्वभूमीच सांगावी लागायची, आणि तेवढा वेळ दोघींकडे नसायचा. एका सुट्टीत ती आली तेव्हा कविता महाजनांची 'ब्र' घेऊन गेली, मी पण तेव्हाच वाचायला काढली. संसार सुटलेली एक बाई संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत फिरते, ते वाचता वाचता आम्ही दोघी इतक्या भांडलो, इतक्या बोललो, की त्यात तिच्या ऑफिसमधलं आणि माझ्या सासरचं असं सगळं आपोआप आलं, जे सरळ विचारलं असतं तर दोघींनीही सांगितलं नसतं. तेव्हापासून आमची एक कादंबरी कायम चालू असते.

पत्रांतून पुस्तकांवर बोलायची सवय आपल्याकडे जुनीच आहे. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपानेच आला, आणि तो वाचताना कळतं की क्वचित भेटणारी दोन माणसं वाचनाच्या आधारावर किती जवळ येऊ शकतात. आता पत्राच्या जागी व्हॉइस मेसेज आलाय एवढंच.

एकच आवृत्ती का

'ब्र' वाचताना माझी प्रत वेगळ्या आवृत्तीची होती आणि तिची वेगळी. "अगं पान एकशे बेचाळीस काढ" म्हटलं की तिच्याकडे भलताच प्रसंग यायचा. आवृत्ती बदलली, नव्याने जुळणी झाली की पानं मागेपुढे होतात, आणि ई-बुकमध्ये तर अक्षर मोठं केलं की पानांचा हिशोबच बदलतो. फोनवर वेळ थोडा असतो, त्यातली दहा मिनिटं "तुला सापडलं का?" यात गेली की वैताग येतो. म्हणून आम्ही दोन्ही प्रतींची आवृत्ती आणि वर्ष बघूनच पॅक करतो. तुमच्याकडे आधीच एक प्रत असेल तर तिच्या सुरुवातीच्या पानाचा, जिथे आवृत्ती छापलेली असते त्याचा, फोटो पाठवा, तशीच मिळते का बघतो. नाही मिळाली तर तसं स्पष्ट कळवतो, मग प्रकरणाच्या नावावरून बोलायचं.

थांब्यांची पट्टी

एसटीला कसे थांबे असतात तसे आम्ही कादंबरीला पाडतो. दुकानात आम्ही तिघंच, मी, माझा भाऊ आणि पार्सलं बांधणारे मामा, आणि जोडप्रतीला ठेवलेली प्रत्येक कादंबरी आमच्यापैकी एकाने तरी पूर्ण वाचलेलीच असते, त्याशिवाय आम्ही ती यादीत घेत नाही. वाचताना जिथे पुस्तक बाजूला ठेवून कोणाला तरी फोन करावासा वाटतो तिथे थांबा. साधारण चार ते सहा होतात. पट्टीवर फक्त पान नंबर आणि एक ओळीचा प्रश्न, पुढच्या गोष्टीबद्दल एक शब्दही नसतो. दोघांनीही त्या पानापर्यंत यायचं, बोलायचं, मगच पुढे जायचं. ज्याचं वाचन झपाट्याचं आहे त्याला हे सुरुवातीला जड जातं, पण अख्खी वाचून झाल्यावर बोललं की बोलणं "मस्त आहे, शेवट आवडला" इथेच थांबतं, मध्येच बोललं की माणूस अंदाज बांधतो, चिडतो, एखाद्या पात्राची बाजू घेतो, आणि तेच तर ऐकायचं असतं ना आपल्याला मित्राकडून.

कोणती घ्यावी

हे विचारणारे सगळ्यात जास्त, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'ला (२००६). छोटी आहे, आणि दोन भागांत आहे, आधी भाऊ सांगतो मग बहीण, आणि दोघांचाही जीव घरी राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टवर जडलेला असतो. पहिला भाग संपला की सक्तीने थांबा, आठवडाभर बोला, मग दुसरा उघडा, तेच घर तीच माणसं किती वेगळी दिसतात ते दोघांनी एकाच वेळी अनुभवण्यात खरी मजा आहे. शिवाय जेरी पिंटोंनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आलाय, त्यामुळे ज्यांच्या मित्राचं मराठी वाचन सुटलंय त्यांना एक प्रत मराठी आणि एक इंग्रजी अशी जोडी देतो. अशा जोड्यांना पट्टीवर दोन्ही पुस्तकांचे पान नंबर लिहून देतो. एखादं मराठी वाक्य इंग्रजीत कसं झालंय यावरच काही जण तासभर बोलतात असं ऐकलंय.

शाळेतले मित्र असाल, आता एक इथे एक तिथे, तर मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४). आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग. सिनेमा बघितला असला तरी वाचा, पुस्तकात मुलाच्या डोक्यात जे सतत चालू असतं ते वाचतानाच कळतं. या कादंबरीवर बोलायला आमच्या पट्टीची फारशी गरजच पडत नाही.

दोघांची बोली वेगळी असेल तर कृष्णात खोतांची 'रिंगाण' घ्याच, तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. धरणामुळे उठलेलं गाव, मागे राहिलेली म्हैस आणि तिच्यासाठी परत गेलेला माणूस. भाषा कोल्हापूरकडची, आमच्यासारख्यांना घरची वाटते, पण नागपूरच्या मित्राला पहिली वीस पानं अडेल, तेव्हा त्याने अडलेले शब्द लिहून ठेवायचे आणि तुम्ही फोनवर सांगायचे, आणि सांगताना आपल्यालाच आठवतं की हा शब्द आपली आजी वापरायची आणि आपण कधीच सोडून दिला. उलट तुमचा मित्र विदर्भातला आणि तुम्ही इकडचे, तर सदानंद देशमुखांची 'बारोमास' घ्या (अकादमी २००४), शिकूनही नोकरी नसलेला शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याचं घर, तिथे शिकायची पाळी तुमची. कोकणातलं कोणी असेल तर प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' (अकादमी २०२२).

आमच्याच जिल्ह्यातली म्हणून नाही, पण नवनाथ गोरेंची 'फेसाटी' माझ्या भावाने सगळ्यात जास्त लोकांच्या हातात ठेवली असेल. जत तालुक्याच्या दुष्काळी मुलखातल्या मुलाची शिकण्यासाठीची धडपड, २०१८ ला अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. जो मित्र गावाकडून शिकायला बाहेर पडला आणि परत आलाच नाही त्याला पाठवा.

नंदा खरेंची 'उद्या' वादावादी आवडणाऱ्या जोड्यांसाठी. येऊ घातलेल्या दिवसांची गोष्ट, सतत पाळतीखाली असलेल्या माणसांची. २०२० चा अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि लेखकाने तो घेतला नाही, समाजाने आपल्याला आधीच पुष्कळ दिलंय म्हणून. एक जण कॉम्प्युटर क्षेत्रातला आणि दुसरा नसेल तर फार छान रंगते.

नेमाड्यांची 'हिंदू' किंवा रंगनाथ पठारेंची 'सातपाटील कुलवृत्तांत' असली जाडजूड पुस्तकं पहिल्या खेपेला देत नाही. हट्टच असेल तर देतो, पण सहा महिने धरून चाला.

बोलायचं कधी

परदेशातल्यांसाठी हे महत्त्वाचं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे घड्याळ असतं, मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते बदलतं. म्हणजे तिकडे रविवारी सकाळी साडेनऊ तर आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात आठ. आमचा दोघींचा वार हाच. इंग्लंडला हा फरक साडेचार-साडेपाच तासांचा, तिथे शनिवारची दुपार बरी पडते.

वेळ जुळतच नसेल तर व्हॉइस मेसेज करा, पण एक पथ्य पाळा, मेसेज सुरू करताना आधी पान नंबर सांगा. समोरचा तिथवर आला नसेल तर तो लगेच बंद करू शकतो. आणि आवडलेला उतारा वाचून दाखवा. मैत्रिणीच्या आवाजात ऐकलेला उतारा डोक्यात राहतो, माझ्या तर कितीतरी कादंबऱ्या आता तिच्याच आवाजात आठवतात.

एक जण मागे पडला तर काय, हेही विचारतात. घरात आजारपण असतं, परीक्षा असतात, माणूस महिना महिना पुस्तक उघडत नाही. त्याला "झालं का" विचारू नका, "मी अजून दुसऱ्या थांब्यावरच आहे, सावकाश ये" एवढंच कळवा.

किंमत आणि पाठवणी

दोन्ही प्रतींवर छापील किमतीच्या १५ टक्के सूट. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे वर काही लागत नाही. टपालखर्च जेवढा होईल तेवढाच, पावती फोटो काढून पाठवतो. भारतात शक्यतो पोस्टाच्या ज्ञान पोस्टने पाठवतो, ही सोय १ मे २०२५ पासून सुरू झालीय, सुरुवातीला दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे ठेवले होते, टॅक्स वेगळा. रस्त्याने-रेल्वेने जातं त्यामुळे वेळ लागतो, पण ट्रॅकिंग असतं. घाई असेल तर स्पीड पोस्ट. जवळच्याला आधी आणि लांबच्याला उशिरा मिळणारच, म्हणून आमची विनंती आहे की दोन्ही पार्सलं पोचल्याचा मेसेज झाल्याशिवाय कोणीच पहिलं पान उलटू नये.

परदेशी पाठवायचं असेल तर दर आणि नियम बदलत असतात, त्या दिवशीचा आकडा विचारून सांगतो, आणि तो जास्त वाटला तर तसं तोंडावर सांगतो. बरेच जण भारतात येणाऱ्या कोणाकडे तरी देतात, तोपर्यंत प्रत आम्ही नाव लिहून जपून ठेवतो, त्याचे पैसे नाहीत.

पान फाटलेलं, उलटं बांधलेलं, भिजलेलं निघालं तर आठ दिवसांत फोटो पाठवा, बदलून देतो. पुस्तक आवडलं नाही म्हणून परत घेत नाही, न आवडलेल्या पुस्तकावर तर सगळ्यात जोरात बोलणं होतं.

पीडीएफ मागू नका. मराठीत कादंबरीची आवृत्ती बऱ्याचदा हजारभर प्रतींचीच असते आणि ती संपायलाही वर्षं जातात, त्यातली प्रत्येक विकत घेतलेली प्रत लेखकाला आणि प्रकाशकाला पुढच्या पुस्तकासाठी धीर देते. पुस्तक छापून संपलेलं असेल तर जुन्या पुस्तकांच्या बाजारात दोन सारख्या प्रती शोधून देतो, वेळ लागेल, पण शोधतो.

ऑर्डर देताना दोघांचे पत्ते पिनकोडसकट, दोघांचे फोन, आणि पहिल्या पानावर काही लिहून हवं असेल तर ते पाठवा. माझं अक्षर बरं आहे, मी स्वतः शाईच्या पेनाने लिहून देते. दुकान सोमवारी बंद, बाकी दिवस सकाळी दहा ते रात्री आठ.