व्हॅलेटाची वेस आणि बिनछपराचे नाट्यगृह

माल्टाची राजधानी व्हॅलेटा पाहायला येणारे बहुतेक लोक ट्रायटन कारंज्यापाशी बसमधून उतरतात, खंदकावरचा पूल ओलांडतात आणि तटात पाडलेल्या एका सरळ खिंडारातून शहरात शिरतात. वर कमान नाही, लाकडी दार नाही. आत आल्याबरोबर उजव्या हाताला पार्लमेंटची इमारत दिसते आणि तिच्यापलीकडे तुटक्या खांबांमधले उघडे नाट्यगृह. शहर 1566 मध्ये वसले, पण त्याचे हे पहिले दर्शन 2010 नंतरच्या बांधकामाचे आहे. त्यावरून झालेला वाद माल्टात अजून पुरता शमलेला नाही.

ऑटोमन तुर्कांनी 1565 मध्ये घातलेला वेढा आणि त्यानंतर नाइटांनी, म्हणजे तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या लढवय्या ख्रिस्ती संघाने, उभारलेले शहर ही हकीकत कुठल्याही मार्गदर्शिकेत मिळते. तिच्यातली एकच गोष्ट पायी फिरणाऱ्याच्या कामाची आहे. मूळ आराखड्यात शहराखालच्या शिबेरास टेकडीचा माथा छाटून जमीन सपाट करायची होती. ऑटोमन आरमार परत येईल या धास्तीने आधी तट आणि बुरूज उभारले गेले आणि माथा छाटायचे राहून गेले. चौकटीची आखणी मात्र तशीच उंचसखल खडकावर बसवली. म्हणून जेमतेम एक किलोमीटर लांब आणि 600 मीटर रुंद शहरात आडवे रस्ते दोन्ही बंदरांकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. नकाशावर पाच मिनिटांचे दिसणारे अंतर गुडघे दुखणाऱ्याला पंधरा मिनिटांचे पडते. बांधकामाचे नियमही तेव्हा कडक होते. प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचे टाके खोदायचे, कोपऱ्यावरच्या घराने कोपरा सजवायचा, घराची पायरी रस्त्यावर आणायची नाही. टाके खोदताना निघालेला दगड भिंतींना वापरला जाई. गलबतांसाठी खोदायला घेतलेली आतली गोदी अर्धवट राहिली. त्या खड्ड्यात पुढे दाटीवाटीची गरीब वस्ती झाली आणि ती विसाव्या शतकाच्या मध्यावर पाडण्यात आली.

फेरीने येणार असाल तर ही चढण आधीच लक्षात घ्या. समोरच्या किनाऱ्यावरच्या स्लीमा गावाकडची फेरी पश्चिमेला मार्सामशेट बंदराच्या बाजूला लागते आणि तिथून मुख्य रस्त्यापर्यंत चांगलाच चढ आहे. 'तीन शहरे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पलीकडच्या जुन्या गावांकडची फेरी पूर्वेला ग्रँड हार्बर या मोठ्या बंदरात लागते. तिथून जवळच्या लिफ्टने थेट अप्पर बराक्का बागेत येता येते. या जागी पहिली लिफ्ट 1905 मध्ये सुरू झाली, 1973 मध्ये बंद पडली आणि पुढे काढून टाकली. 58 मीटर उंचीची आताची लिफ्ट 2012 ची आहे. तिकीट वर येताना लागते, उतरताना नाही. बागेच्या खालच्या तोफखान्यातून दुपारी 12 आणि 4 वाजता तोफ सुटते. तोफ पाहायची तर दहा मिनिटे आधी कठड्याशी पोहोचावे. नंतर पुढच्यांच्या पाठीच दिसतात.

ब्रिटिश काळ इथे थोडक्यात. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि माल्टा मुंबईच्या बोटींचा कोळसा घेण्याचा थांबा झाला. 1878 मध्ये रशियाशी युद्ध होण्याची चिन्हे दिसताच सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून बोटींनी इथे आणले गेले. त्यांत मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. त्याच शतकाच्या अखेरीस सिंधी व्यापाऱ्यांनी या शहरात दुकाने थाटली. माल्टातल्या भारतीयांची जुनी घराणी ती हीच.

ब्रिटिशांनीच वेशीच्या आतल्या बाजूला ऑपेरागृह बांधले. ते 1866 मध्ये उघडले, 1873 मध्ये आगीत आतून जळाले आणि 1877 मध्ये पुन्हा सुरू झाले. 7 एप्रिल 1942 च्या बॉम्बहल्ल्यात ते कोसळले. उरलेल्या भिंतींपैकी बराच भाग धोकादायक म्हणून उतरवला. चौथरा, पायऱ्या आणि काही खांब तेवढे राहिले. त्यानंतरची कित्येक दशके राजधानीच्या तोंडाशी असलेली ही जागा गाड्या लावायला वापरली गेली. शेजारची वेसही पुन्हा पुन्हा बदलत गेली. नाइटांचा पहिला दरवाजा, सतराव्या शतकातला दुसरा, 1853 चा ब्रिटिशांचा तिसरा आणि 1960 च्या दशकातला रुंद, सपाट चौथा. या चौथ्याबद्दल चांगले बोलणारा माल्टीज माणूस शोधावा लागे.

खरा वाद पेटला 2006 मध्ये. पार्लमेंट तेव्हा ग्रँड मास्टरच्या, म्हणजे नाइटांच्या प्रमुखाच्या, राजवाड्यात, जुन्या शस्त्रागाराच्या दालनात भरत असे. ऑपेरागृहाच्या जागी पार्लमेंट बांधू, अशी घोषणा सरकारने केली. लोकांना ती रुचली नाही. दोन वर्षांनी वेस, चौक आणि अवशेष असा एकत्र प्रकल्प सुमारे 8 कोटी युरोंच्या अंदाजाने जाहीर झाला आणि काम एका नामांकित इटालियन वास्तुकाराकडे गेले. ऐंशीच्या दशकातही त्याने याच जागेसाठी आराखडे केले होते, पण ते कागदावरच राहिले. अवशेषांवर पार्लमेंट बांधू नये, असे त्याने सरकारच्या गळी उतरवले. पार्लमेंट शेजारच्या मोकळ्या चौकात न्यायचे, वेस पाडून तिथे फक्त खिंडार ठेवायचे आणि अवशेषांत छप्पर नसलेले नाट्यगृह बसवायचे, असे ठरले.

विरोधकांचे तीन तट पडले. एकांना ऑपेरागृह जसे होते तसे पुन्हा हवे होते. दुसऱ्यांना नवे चालणार होते, पण छपरासकट. तिसऱ्यांचा आक्षेप मुळावरच होता: राजधानीत धड मोठे नाट्यगृह नसताना पैसा राजकारण्यांच्या इमारतीवर का? सरकारने माघार घेतली नाही. नाट्यगृह ऑगस्ट 2013 मध्ये उघडले आणि मे 2015 मध्ये नव्या इमारतीत पार्लमेंटची पहिली बैठक झाली.

आता काम होऊन दशक उलटले आहे. वेशीच्या बाबतीत वास्तुकाराचा निर्णय बरोबर ठरला, असे म्हणायला हरकत नाही. खिंडार अरुंद असल्यामुळे तटाची जाडी डोळ्यांत भरते, पूल पुन्हा पूल वाटतो, आणि दोन्ही बाजूंच्या नव्या जिन्यांनी तटावरच्या उंच बुरुजांकडे सरळ जाता येते. जुन्या रुंद वेशीतून आपण खंदक ओलांडतो आहोत हे कळतही नसे. पार्लमेंटच्या इमारतीला लोक खिसणी म्हणतात. पण तिच्या दगडातल्या त्या खाचा नुसत्या शोभेच्या नाहीत, ऊन अडवून उजेड तेवढा आत घ्यायला त्या कोरल्या आहेत. दगड गोझो बेटावरचा आहे आणि तो इटलीत यंत्रावर कापून आणला. इमारत जमिनीपासून उचललेली असल्याने तिच्याखालून मागचा बुरूज दिसतो. आणखी एक लाभ विरोधकांनी फारसा मोजला नाही. पार्लमेंट हलल्यामुळे राजवाड्यातले दालन रिकामे झाले आणि चिलखते, तलवारी, बंदुका तळमजल्यावरच्या तबेल्यातून आपल्या मूळ जागी परतल्या. राजवाडा दीर्घ डागडुजीनंतर 2024 च्या सुरुवातीला पुन्हा खुला झाला. त्याला आता निदान दोन तास द्यावेत.

नाट्यगृहाच्या बाबतीत मात्र विरोधकांचेच खरे झाले. छप्पर नाही म्हणजे हंगाम उन्हाळ्यापुरता. उन्हाळ्यात गावोगावच्या उत्सवांची आतषबाजी आणि बाहेरच्या रस्त्याचा गलका. ध्वनिवर्धकाशिवाय आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही, म्हणजे ज्या ऑपेरासाठी ही जागा मुळात होती तिचेच इथे हाल. तिकीट काढताना पाऊस आला तर पैसे परत मिळणार की तारीख बदलणार हे वाचून घ्या, आणि सप्टेंबर संपता संपता तर नक्कीच. दिवसा आत काही चालू नसले तर बाहेरच्या पायऱ्या चढून जुन्या खांबांचे तळ जवळून पाहता येतात.

या सगळ्या काळात शहरही वेगाने बदलले. मे 2007 पासून शहरात येणाऱ्या गाड्यांवर कॅमेऱ्याने तासावारी आकार लागू झाला. भाड्याच्या गाडीचे हे पैसे नंतर कंपनी तुमच्या कार्डातून वळते करून घेते, तेव्हा गाडी वेशीबाहेरच्या फ्लोरियाना उपनगरातच ठेवावी. 1995 पूर्वीच्या भाडेकरारांत भाडे गोठलेले होते. मालकांना दुरुस्ती परवडत नव्हती आणि घरे ओस पडत होती. 1901 मध्ये वीस हजारांवर असलेली वस्ती पाच-सहा हजारांवर आली. 2018 साठी युरोपच्या सांस्कृतिक राजधानीचा मान मिळाल्यावर याच ओस घरांची छोटी हॉटेले झाली. सज्जे रंगले, दगड घासला गेला, पण त्या घरांत राहणारे लोक परत आले नाहीत. साथीच्या आधी, 2019 मध्ये, क्रूझ जहाजांनी सुमारे नऊ लाख प्रवासी या बंदरात आले. जहाज लागले की सकाळी दहा ते दोन या वेळात सेंट जॉन सहकॅथेड्रलसमोरची रांग हलत नाही. तिथे काराव्हाज्जोचे 1608 चे मोठे चित्र आणि जमिनीत बसवलेले सुमारे 400 संगमरवरी समाधीलेख आहेत. पातळ टाचेच्या बुटांनी दगड फुटतो म्हणून असे बूट आत नेऊ देत नाहीत, खांदे झाकलेले लागतात, आणि रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो. दाराशी अडकणारे बहुतेक या तिनांपैकी एका कारणाने अडकतात.

ताजा वाद आवाजाचा आहे. 2022 च्या उन्हाळ्यात शहरातल्या अनेक रस्त्यांवरच्या बार आणि उपाहारगृहांना रात्री एकपर्यंत संगीत लावायची मुभा मिळाली. उरलेले रहिवासी त्याविरुद्ध उभे राहिले. खोली घेताना ती मर्चंट्स स्ट्रीट किंवा स्ट्रेट स्ट्रीटच्या वरच्या टप्प्यावर आहे का ते विचारा. सेंट एल्मो किल्ल्याच्या टोकाकडे खोली घेतली तर झोप मिळते, पण सामान पायऱ्यांवरून स्वतः उचलावे लागेल. जुन्या घरांत लिफ्ट क्वचितच असते.